ताटातून काढलं, त्या जागी काय आलं?

पत्र

माझी मुलगी १९ वर्षांची आहे, वसतिगृहात राहून शिकते. पाच महिन्यांपूर्वी तिने मांस, मासे, अंडी, दूध सगळं एकदम सोडलं. प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नामुळे पृथ्वी तापते, असं तिचं म्हणणं. सुट्टीला घरी आली की जेवणाच्या वेळी वाद ठरलेला. तिचे बाबा म्हणतात, आपल्या एका घराने काय फरक पडणार आहे? ती म्हणते, तुम्हाला फिकीरच नाही. मी दोन वेगवेगळे स्वयंपाक करते आणि दोन्हीकडचं उरलेलं मीच संपवते. तिच्या ताटात बघावं तर भात, बटाटा, पाव. बॅगेत बिस्किटांचे पुडे आणि वेफर्स. परवा ती जिना चढून आली आणि वरच्या पायरीवर मटकन बसली. चेहरा पांढराफटक. "दमले गं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. ती म्हणते ते खरं आहे का? आणि खरं असलं, तरी तिच्या तब्येतीचं काय? तिला थांबवू का?
— एक आई

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मन त्या पायरीपाशीच अडकलं. म्हणून पृथ्वीचं नंतर बघू, आधी लेकीचं. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या आणि रक्त तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन नको, सोबत फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व असू द्या. फेरिटिनवरून शरीरात लोहाची शिल्लक किती आहे ते कळतं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही ही शिल्लक तळाला गेलेली असू शकते आणि माणूस नुसता थकत राहतो. या वयात दर महिन्याच्या पाळीत लोह जातच असतं. तिला अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. थकव्याची कारणं थायरॉइडपासून जागरणापर्यंत काहीही असू शकतात, त्यामुळे तपासणीआधीच सगळं खापर आहारावर फोडू नका.

आणखी एक गोष्ट विचारायला मला अवघड वाटतंय, पण विचारायला हवीच. पदार्थ सोडण्याबरोबर तिचं एकूण खाणंही कमी झालंय का? झपाट्याने वजन उतरणं, पाळी चुकणं, सगळ्यांसोबत जेवायचं टाळणं, असं काही दिसतंय का? कधी कधी "मी हे खात नाही" या वाक्याच्या आड "मी खातच नाही" लपलेलं असतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी आईच्या नजरेने एकदा बघून घ्या. तसं वाटलं तर ते आहारतज्ज्ञापुरतं ठेवू नका, मानसोपचारतज्ज्ञाचीही मदत घ्या.

आता तिच्या म्हणण्याकडे येते. ती बऱ्याच अंशी बरोबर आहे, आणि हे तुम्ही तिला मोकळेपणाने सांगावं असं मला वाटतं.

२०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती गोळा करून ४० खाद्यपदार्थांचा हिशेब मांडला. माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी, साधारण २६ टक्के अन्नामुळे जातात, असं त्यातून निघालं. मला त्याहून जास्त हलवून गेला तो जमिनीचा आकडा. जगातल्या शेतजमिनीपैकी, चराईची कुरणं धरून, सुमारे ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी आणि मत्स्यपालन यांच्यासाठी गुंतली आहे. त्यातून जगाला मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. जनावर जे खातं त्यातलं बरंचसं त्याच्या जगण्यात, चालण्यात, ऊब धरण्यात खर्च होतं आणि थोडंच आपल्या ताटापर्यंत पोचतं. चाऱ्यासाठी आणि कुरणांसाठी जंगल तुटतं ते याच हिशेबापायी.

त्यातही सगळी जनावरं सारखी नाहीत. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यात मिथेन तयार होतो आणि बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ ते ३० पट तापवणारा, आणि वीस वर्षांचा हिशेब धरला तर ८० पटींच्या आसपास. पण तो हवेत टिकतो साधारण १२ वर्षं. म्हणजे आज कमी केला तर त्याचा गुण तुमच्या लेकीला तिच्या तरुणपणीच दिसेल. ती जे करतेय त्यामागे आशा धरायला जागा आहे ती इथे.

याच अभ्यासातले आकडे प्रथिनांच्या मापाने बघा. शंभर ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर खास मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसामागे सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइड जेवढा तापवेल तेवढा वायू हवेत जातो. चीजमागे साधारण ११ किलो, कोंबडीमागे ५.७, अंड्यांमागे ४.२, टोफू म्हणजे सोयाच्या पनीरमागे २ आणि वाटाण्यामागे अर्धा किलोसुद्धा नाही. यातलं चीज नीट पाहा. कोंबडी सोडून तिच्या जागी भरपूर चीज खाणाऱ्याला आपण पृथ्वीचं ओझं हलकं केलं असं वाटतं आणि प्रत्यक्षात ते वाढलेलं असतं. तुमच्या मुलीच्या ताटातल्या भाताचंही थोडं असंच आहे. पाणी साचलेल्या खाचरात मुळांपाशी हवा पोचत नाही आणि तिथेही मिथेन तयार होतो. भात सोडायची गरज नाही. पण "वनस्पतीपासून आलं म्हणजे निर्दोष" एवढं सोपं गणित तिने धरू नये. दुरून आलेल्या अन्नाला आपण जेवढे घाबरतो तेवढं घाबरण्याचंही कारण नसतं. अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. विमानाने येणारी नाजूक फळं-भाज्या सोडल्या, तर काय खाल्लं हे कुठून आलं यापेक्षा फार मोठं ठरतं.

तिच्या बाबांच्या प्रश्नाला मी टोलवणार नाही. तो प्रामाणिक प्रश्न आहे. एका घराने पृथ्वीचं तापमान उतरत नाही, हे खरंच. पण एका घराचा भार किती कमी होतो हे मोजता येतं. २०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ५५,००० हून अधिक लोकांचा आहार तपासला. रोज १०० ग्रॅमपेक्षा जास्त मांस खाणाऱ्याच्या जेवणामागे दिवसाला १०.२४ किलो वायू. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यामागे २.४७ किलो, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. तुमची मुलगी बहुधा हाच आकडा तुम्हाला ऐकवत असेल. पण मधली पायरी बघा. दिवसाला ५० ग्रॅमपेक्षा कमी मांस खाणाऱ्यामागे ५.३७ किलो. वरच्या टोकावरून इथवर उतरतानाच जवळपास निम्मा भार कमी झाला! आणि त्यासाठी त्या माणसाने काहीही पूर्णपणे सोडलेलं नाही.

ताई, तुमच्या घरातल्या भांडणाची गाठ मला इथे सुटताना दिसते. मुलगी शेवटच्या पायरीवर उभी राहून बाबांना हाका मारतेय. बाबांना एवढा मोठा जिना चढवणार नाही, म्हणून ते पहिलीही चढत नाहीत. तुम्ही त्यांना फक्त मधल्या पायरीवर बोलवा. आठवड्यातली तीन-चार जेवणं डाळी-कडधान्यांची आणि रवंथ करणाऱ्या जनावरांचं मांस क्वचित. त्यांच्या खाण्यात सॉसेजसारखं खारवलेलं, धुरावलेलं, टिकवलेलं मांस असेल, तर कमी करण्याची सुरुवात तिथूनच करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला निश्चित कारण ठरणाऱ्या गटात टाकलं. ते रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. इथे बाबांची तब्येत आणि मुलीची पृथ्वी एकाच बाजूला आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. हा आहार तब्येतीला चांगला की वाईट?

इथे मी माझीच गोष्ट सांगते. मी चोविसाव्या वर्षी, तुमच्या मुलीसारखीच, सगळं प्राणिजन्य एका रात्रीत सोडलं. आहारशास्त्र शिकलेली होते, प्रथिनांचा हिशेब पाठ होता. दोनेक वर्षांनी रात्री झोपताना तळपायांना मुंग्या यायला लागल्या. उभं राहून काम केल्यामुळे असेल, म्हणून सोडून दिलं. मग एके संध्याकाळी रस्त्याने चालताना मागून कुणीतरी हाक मारली, "अहो, तुमची चप्पल." वळून पाहिलं तर माझी डावी चप्पल दहा पावलं मागे पडली होती, आणि माझ्या पायाला ते कळलंच नव्हतं. बी-१२ फारच खाली गेलं होतं. हिमोग्लोबिन मात्र अगदी छान. इंजेक्शनं घेतली, गोळ्या सुरू झाल्या, पाय पूर्ववत व्हायला काही महिने लागले. माझा विचार तेव्हाही बरोबर होता, आजही मी बहुतेक तसंच जेवते. पण ताटातून काय काढायचं याची यादी मी केली होती आणि त्या जागी काय ठेवायचं याची केली नव्हती.

हिमोग्लोबिन छान का होतं ते सांगते, कारण यात बरेच जण फसतात. बी-१२ कमी पडलं की रक्त आणि मज्जातंतू दोन्हींना फटका बसतो. पण पालेभाज्या, डाळी खाणाऱ्याला फोलेट हे ब गटातलं दुसरं जीवनसत्त्व भरपूर मिळतं आणि ते रक्ताची बाजू सांभाळून धरतं. रिपोर्ट बरा दिसतो आणि आत नसा झिजत राहतात. बी-१२ वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव, आणि आपल्यापर्यंत ते प्राण्यांच्या मांस-दूध-अंड्यांतून पोचतं. स्पिरुलिनासारख्या शेवाळात असतं म्हणतात, पण ते बरंचसं आपल्या शरीराला न चालणाऱ्या रूपातलं असतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला फक्त २.४ मायक्रोग्रॅम, पण ती चुकवता येत नाही. प्राणिजन्य काहीच खायचं नसेल तर बी-१२ ची गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ कायम घ्यावेच लागतात. यात कमीपणा काही नाही. मात्रा डॉक्टर ठरवतील. पाच महिन्यांत सहसा साठा संपत नाही, यकृतात तो काही वर्षं पुरेल इतका असतो. पण तो आधीपासूनच अर्धा रिकामा असेल तर वेळ लागत नाही.

तुमच्या मुलीच्या थकव्यात मला आधी संशय आहे तो लोहाचा. मांसातलं लोह शरीर पटकन उचलतं, वनस्पतींमधलं उचलताना बरेच आढेवेढे घेतं. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहेत. कडधान्यं रात्रभर भिजवा, मोड आणा. त्यांच्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं, ते भिजवल्याने आणि मोड आणल्याने कमी होतं. जेवताना वरून लिंबू पिळा किंवा क जीवनसत्त्व असलेलं फळ सोबत खायला द्या. आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी नको, तासभर तरी अंतर ठेवा. चहातली टॅनिनं लोहाचा रस्ताच अडवतात. एवढ्या तीन सवयींनी त्याच ताटातून जास्त लोह अंगी लागतं. शिल्लक फारच कमी निघाली तर मात्र आहारावर विसंबू नका, डॉक्टर देतील ते लोह घ्यावं लागेल.

हाडांचंही बोलायला हवं. ऑक्सफर्डच्याच आणखी एका मोठ्या अभ्यासात, २०२० साली, प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त दिसलं. खुब्याच्या हाडाचं तर दुपटीहून अधिक. वजन, कॅल्शियम आणि प्रथिनं यांचा फरक हिशेबात धरल्यावर अंतर कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी हाडांची भरणी अजून चालू असते, म्हणून हे टाळण्यासारखं नाही. तीळ, कॅल्शियम घालून बनवलेला टोफू, कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध हे तिच्या रोजच्या खाण्यात यायला हवं. ते दूध ओतण्याआधी डबा चांगला हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं आणि शेवटच्या घोटाबरोबर फेकलं जातं. पालकात कॅल्शियम असतं खरं, पण ऑक्झलेट त्याला धरून बसतं, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. सोबत थोडं ऊन आणि थोडा अंगाला भार देणारा व्यायाम.

ओमेगा-३ साठी जवस, तेही कुटून. अख्खं तसंच बाहेर पडतं. प्रथिनांची चिंता लोक फार करतात, मी कमी करते. धान्यात जे कमी असतं ते डाळींमध्ये असतं आणि डाळींत कमी ते धान्यात. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. पण डाळी तिच्या ताटात हव्यात ना!

कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती भात, बटाटा, पाव आणि बिस्किटांची. पर्यावरणाच्या बाजूने या ताटाला बरे गुण मिळतील. तब्येतीच्या बाजूने ते रिकामं आहे. २०१७ सालचे जगभरातले मृत्यू तपासले तेव्हा त्यातले सुमारे १ कोटी १० लाख चुकीच्या आहाराशी जोडले गेले, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांमागे तीन गोष्टी होत्या: मीठ जास्त, अख्खी धान्यं कमी, फळं कमी. माणसं जे खातात त्याच्याइतकीच, जे खात नाहीत त्यानेही मरतात. ऑक्सफर्डच्याच पाहणीत, सुमारे ४८,००० लोकांना १८ वर्षं बघितल्यावर, शाकाहारी माणसांना हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी झाला आणि मेंदूचा झटका मात्र २० टक्क्यांनी जास्त. फायदा नक्की आहे. तो आपोआप मिळत नाही एवढंच.

तिला एक गोष्ट आवर्जून दाखवा. २०१९ साली ईट-लॅन्सेट आयोगातल्या १६ देशांच्या ३७ तज्ज्ञांनी पृथ्वी आणि तब्येत दोन्ही सांभाळणारं ताट मांडलं. रोज ३०० ग्रॅम भाज्या, २०० ग्रॅम फळं, ७५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ५० ग्रॅम दाणे-सुकामेवा, आणि मुख्य धान्य अख्खं, पॉलिश न केलेलं. त्यात रोज सुमारे २५० ग्रॅम दुधालाही जागा आहे आणि आठवड्याला दीडेक अंड्यालाही. पृथ्वीची इतकी चिंता करणाऱ्यांनीही सगळ्यांना शून्य सांगितलेलं नाही. तिला पुन्हा दूध-अंडी सुरू करायची असतील तर त्यात तिची हार नाही. तिला नसतील करायची तर वरची सगळी शिस्त पाळावी लागेल. हा निर्णय तिचा, सज्ञान आहे ती. तुम्ही थांबवू नका. थांबवलंत तर ती वसतिगृहात जाऊन तेच करेल, फक्त तुम्हाला सांगायचं बंद करेल.

घरात एक बदल मात्र लगेच करा. दोन स्वयंपाक बंद. एक मुख्य पदार्थ असा ठरवा की जो चौघांच्या, पाचांच्या, जेवढे असाल तेवढ्या सगळ्यांच्या ताटात जाईल: मोडाचं कडधान्य, डाळ, भरपूर भाजी. बाबांना वेगळं काही हवं असेल तर ते बाजूला, थोडं. आणि तो मुख्य पदार्थ सुट्टीत लेकीने स्वतः शिजवावा. वसतिगृहात तिला तेच करावं लागणार आहे. जिला पाव किलो कडधान्य भिजवून, शिजवून, चार दिवसांचं लावून ठेवता येतं, ती बिस्किटांच्या पुड्यावर दिवस काढत नाही.

दोन स्वयंपाकांवरून आठवलं. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. फेकलेल्या अन्नामागची जमीन, पाणी, वायू सगळं फुकट जातं. एक स्वयंपाक झाला की उरणंही कमी होईल. बाबांना काही सोडायचं नसेल तर एवढं तरी त्यांनी अंगावर घ्यावं: भांड्यात उद्यासाठी काय उरलं ते रोज रात्री बघायचं आणि दुसऱ्या दिवशी आधी तेच संपवायचं. यावर मुलगीही वाद घालणार नाही.

पण ते उरलेलं संपवणं आता तुमच्याकडे नको. पत्रात तुम्ही लेकीच्या ताटाबद्दल लिहिलंत, नवऱ्याच्या लिहिलंत. स्वतःबद्दल एकच ओळ आहे, तीही उरलेलं खाल्ल्याची. रक्ततपासणीला लेकीबरोबर जाल तेव्हा तुमचंही रक्त द्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड, तीच यादी. दोघींचे रिपोर्ट आले की मला कळवा.